शेतावरून हायटेन्शन लाइन येतेय: गावाने पहिल्या खुंटीपासून काय करायचं

बहुतेक गावांना लाइनची बातमी कागदावरून कळत नाही, खुंटीवरून कळते. उभ्या ज्वारीत किंवा बांधाच्या कडेला लाल रंग फासलेली एक लाकडी खुंटी, नाहीतर दगडावर रंगाची खूण, आणि तिच्यावर २३/२ असा आकडा. विचारलं तर सर्व्हेला आलेली मुलं सांगतात, "नुसती पाहणी आहे, काका." तो आकडा वाचायला शिका. बहुतेक लाइनींवर २३ म्हणजे लाइन जिथे वळते तो तेविसावा कोन आणि २ म्हणजे त्या कोनानंतरचा दुसरा टॉवर. २३/० लिहिलेलं असेल तर वळणाचा टॉवर तुमच्याच शेतात बसणार आहे. वळणाच्या टॉवरला तारा एका अंगाला ओढतात, म्हणून त्याचा पाया जड आणि चार पायांमधली जागा सरळ टॉवरपेक्षा मोठी.

खुंटी उपटू नका. त्यांच्याकडे ती जागा जीपीएसवर नोंदलेली असते, उपटल्याने पुरावा फक्त तुमचा जातो. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, तारीख आणि गट नंबर लिहा, आणि पुढची-मागची खुंटी शोधा. दोन खुंट्यांमधली सरळ रेष गावाच्या नकाशावर ओढली की कुणाच्या शेतावरून तारा जाणार ते त्याच संध्याकाळी कळतं. ४०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनवर दोन टॉवरमधलं अंतर साधारण ४०० मीटर असतं, त्यामुळे एका टॉवरवाल्यामागे नुसत्या तारा डोक्यावर येणारे शेतकरी कितीतरी जास्त असतात. ही माणसं आंदोलनात सहसा उशिरा येतात, कारण "माझ्यात टॉवर नाही" असं त्यांना वाटतं. नुकसानीचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो. हिशेब पुढे दिला आहे.

कायद्यात तुमच्या हातात काय आहे

हे आधी समजून घ्या, नाहीतर सहा महिने चुकीच्या दाराशी उभं राहण्यात जातात. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार पारेषण कंपनीला, म्हणजे मोठ्या दाबाची वीज वाहून नेणाऱ्या कंपनीला, १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की जमीनमालकाची आगाऊ संमती लागत नाही. पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदा रद्द केला, पण वीजवाहिन्यांसाठी त्यातली ही तरतूद चालू ठेवली आहे. "आम्ही सही दिली नाही म्हणजे लाइन होणार नाही" हा समज म्हणून सोडून द्या.

त्याच तार कायद्याने तुम्हाला दिलेल्या गोष्टी मात्र घट्ट धरा. जमीन कंपनीच्या मालकीची होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. तार कायद्याच्या कलम १० प्रमाणे कमीत कमी नुकसान करणं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणं तिला बंधनकारक आहे, आणि भरपाई "हितसंबंध असलेल्या सर्वांना" द्यायची आहे. म्हणजे वाटेकरी आणि कूळसुद्धा त्यात आले. तुम्ही हरकत घेऊन काम अडवलं तर कलम १६(१) खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो. भरपाई अपुरी वाटली तर कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

यातूनच पहिला अर्ज तयार होतो. कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा: या लाइनसाठी कलम १६४ चा आदेश निघाला आहे का, असल्यास प्रत द्या, आणि त्यात आमच्या तालुक्याचं व गावाचं नाव दाखवा. तो आदेश नसेल तर चित्र बदलतं. मग २००६ चे केंद्राचे नियम लागू होतात, आणि त्यात मालकाची आगाऊ संमती किंवा जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय खड्डा मारता येत नाही.

आणखी एक गैरसमज. पर्यावरण परिणामाची जनसुनावणी होईल म्हणून काही गावं थांबून राहतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पारेषण लाइन नाही. ती सुनावणी होणारच नाही. तुमची सुनावणी तुम्हालाच मागून घ्यावी लागेल.

लाइन किती मोठी, पट्टा किती रुंद

केव्हीचा आकडा कळला की पट्टा कळतो. १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५, ४०० केव्हीला ४६, ७६५ केव्हीच्या दुहेरी सर्किटला (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच) ६७ मीटर. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा धरायचा. या पट्ट्यात घर, गोठा, शेड बांधता येत नाही, उंच वाढणारं झाड ठेवता येत नाही. ज्वारी, सोयाबीन, कापूस, भाजीपाला घेता येतो. ऊस घेता येतो, पण तारांखाली पाचट पेटवणं जिवाशी खेळ आहे: धूर आणि ज्वाळांतून वीज जमिनीकडे झेपावते. आंबा, नारळ, सागवान गेलेच समजा. विहिरीवर बोअरची गाडी उभी करतानाही अंतर मोजावं लागतं, कारण ४०० केव्हीच्या तारेची जमिनीपासून किमान उंची ८.८४ मीटर आणि २२० केव्हीची सुमारे ७ मीटर एवढीच असते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी गरम झालेली तार जास्त झोळते.

कागद कुठून काढायचे

लाइन कुणाची ते ओळखा. राज्याच्या आतली लाइन बहुधा महापारेषणची किंवा बोलीतून काम मिळालेल्या खासगी कंपनीची असते आणि तिचा परवाना महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडचा. दोन राज्यांना जोडणारी असेल तर परवाना दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडचा. बोलीने दिलेल्या कामात कंपनीचं नाव अनोळखी असतं, कारण एका लाइनसाठी स्वतंत्र कंपनी काढलेली असते. वर्तमानपत्रात येणारी तिची जाहीर सूचना बारीक टाइपात तालुके आणि गावांची यादी देते. हरकतीची मुदत त्या सूचनेतच छापलेली असते आणि ती प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजली जाते, गावाला कळल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून गावात एका माणसाकडे रोज दोन दैनिकांची जाहिरातीची पानं चाळण्याचं काम सोपवा. काम कंटाळवाणं आहे, पण फार मोलाचं आहे.

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार थेट लागू करता येत नाही, पण तिचे कागद सरकारी कार्यालयात असतातच. अर्ज प्रांत, जिल्हाधिकारी, महापारेषणचं मंडळ कार्यालय, ऊर्जा विभाग, केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांपैकी योग्य ठिकाणी करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे विसरलात तर अर्ज परत येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. "प्रकल्पाची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. असं लिहा: मंजूर मार्गाचा नकाशा, आमच्या गावातील टॉवरनिहाय गट नंबरांची यादी, तपासलेल्या पर्यायी मार्गांचा अहवाल, वीज कायद्याच्या कलम ६८ (लाइन उभारण्याची पूर्वमंजुरी) व १६४ च्या आदेशांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मार्गात एखादा गुंठा जरी वनजमीन असेल तर परिवेश हे सरकारी संकेतस्थळ बघा. वनजमिनीचा प्रस्ताव तिथे सगळ्यांना खुला असतो, आणि त्यासोबत मार्गाची केएमएल फाइल जोडलेली असते. ती गूगल अर्थमध्ये उघडली की लाइन तुमच्या घरावर, शाळेवर, विहिरीवर नेमकी कुठे जाते ते दिसतं. कुठले पर्याय तपासले हेही त्याच अर्जात कंपनीला लिहावं लागतं. पुष्कळदा गावाच्या हाती लागणारा हा सगळ्यात स्पष्ट नकाशा असतो. वनहक्काबाबत एक सावधगिरी: ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या पत्राने रस्ते, कालवे, पारेषण लाइन अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून मोठी सूट दिली आहे, आदिम जमातींच्या हक्कांना धक्का लागत असेल ती ठिकाणं सोडून. तरीही वनहक्काचे दावे प्रलंबित असतील तर ते आधी निकाली काढा ही मागणी रास्तच आहे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात ती ठरावात पहिल्याच कलमात यायला हवी.

समिती: एका गावाची नाही, एका लाइनची

गावागावांत वेगळ्या समित्या झाल्या की कंपनी सगळ्यात कमजोर गावापासून काम सुरू करते. दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले की मधल्या गावाला म्हणायला काही उरत नाही, लाइन जोडायचीच असते. म्हणून खुंट्या जितक्या गावांतून जातात तितक्या गावांची एक समिती करा. प्रत्येक गावातून तीन माणसं पुरेत: टॉवरवाला एक, नुसत्या तारांचा पट्टा जाणारा एक, आणि कागद सांभाळणारा एक. तिघांत किमान एक बाई असू द्या. शेतावर दिवसभर त्या असतात, आणि सर्व्हेवाले कधी आले हे त्यांनाच आधी कळतं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या खातेदारांचे नंबर पहिल्या आठवड्यात गोळा करा. त्यांना परस्पर फोन करून सह्या घेतल्या जातात.

नोंदवहीत प्रत्येक बाधित गटाला एक पान द्या. खातेदारांची नावं, वारसनोंद झाली की नाही, विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, घर, खुंटीचा आकडा. सामाईक सातबारा असेल तर हिस्से आत्ताच आपसांत लिहून ठेवा. वाद राहिला तर भरपाईची रक्कम जिल्हा न्यायालयात भरली जाते आणि भाऊ-भाऊ ती सोडवायला वर्षानुवर्षं तारखा घालतात. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, या महिन्यातच अर्ज टाका. मोबदल्याच्या दिवशी धावपळ करून ती होत नाही.

समितीत दोन नियम लिहून सह्या घ्या. कोऱ्या कागदावर, अपूर्ण संमतीपत्रावर किंवा वाचून न दाखवलेल्या कागदावर कुणी सही करायची नाही. आणि कुणीही एकट्याने दर ठरवायचा नाही. दलाल पहिला फोन नेहमी अडचणीतल्या माणसाला करतो, ज्याच्या घरी लग्न आहे किंवा बँकेची नोटीस आलेली आहे. त्याला दोष देऊ नका. त्याच्या घरी दलालाच्या आधी जा.

ग्रामसभेचा ठराव घ्या, पण तो कायदेशीर टिकेल असा. विषय अजेंड्यावर स्पष्ट शब्दांत हवा, नोटीस किमान सात दिवस आधी लागलेली हवी, आणि गणपूर्ती हवी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेऊन तिथेही हाच विषय मांडा. "गावाचा विरोध आहे" एवढ्या एका ओळीच्या ठरावाला वजन नाही. गट नंबर, बाधित घरं, शाळेपासूनचं अंतर, सुचवलेला पर्यायी मार्ग, आणि पर्याय तपासून लेखी उत्तर मिळेपर्यंत काम सुरू करू नये ही मागणी, असा ठराव लिहा. या ठरावाने लाइन रद्द होत नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांसमोर आणि पुढे न्यायालयात, गावाने वेळेत नेमका आक्षेप घेतला होता हे तोच सिद्ध करतो.

मार्ग बदलायचा असेल तर

बहुतेक आंदोलनं इथे जिंकतात किंवा हरतात. मार्ग बदलण्याची वेळ सर्व्हेपासून पाया भरेपर्यंत असते. एकदा शेजारच्या गावात काँक्रीट पडलं की कोन बदलता येत नाही, कारण एक वळण हलवलं की आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही सरळ टप्पे हलतात. खुंट्यांपासून काँक्रीटपर्यंतचे महिने मोर्च्यांत घालवू नका, नकाशात घाला.

पर्याय सुचवताना "आमच्या गावातून नको" एवढंच म्हटलं तर ऐकणारा अधिकारी लगेच विचारतो, "मग कुणाच्या?" आणि उत्तर नसेल तर विषय तिथेच संपतो. शेजारच्या गावावर ढकलणारा पर्याय दिला तर समितीच फुटते. म्हणून पर्याय कागदावर येण्याआधी तो ज्या गावातून जाणार तिथल्या लोकांना बसवून दाखवा. त्यांची सही असलेला पर्याय आणि सही नसलेला पर्याय यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चांगला पर्याय कुठे सापडतो? सरकारी पडीक, गायरानाची कडा (गुरांची वाट सोडून), ओढ्याकाठ, मोठ्या रस्त्याची कड, आणि सगळ्यात आधी, आधीच अस्तित्वात असलेल्या लाइनचा पट्टा. गोव्यात तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही लाइनसाठी मोल्याच्या अभयारण्यात नवा पट्टा तोडायचा घाट होता. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने नवं जंगल न तोडता जुन्या लाइनचाच पट्टा वापरावा असं सुचवलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तिथे लाइनच नको असं म्हणणारेही होते, पण निर्णय ठरला तो जुन्या पट्ट्याच्या युक्तिवादावर. तुमच्या तालुक्यात जुनी १३२ किंवा २२० केव्ही लाइन असेल तर तिचा पट्टा नकाशावर काढा आणि विचारा: एकाच टॉवरवर चार सर्किट का नाहीत?

पूर्ण मार्ग बदलत नसेल तरी मागण्यासारखं बरंच आहे. टॉवर शेताच्या मध्यावरून बांधावर किंवा दोन गटांच्या हद्दीवर सरकवा. काही मीटर पुढे-मागे करणं त्यांना तांत्रिकदृष्ट्या जमतं, फक्त चेक सर्व्हेच्या, म्हणजे पाया खोदण्याआधीच्या शेवटच्या मोजणीच्या, आधी सांगावं लागतं. बागेवरून किंवा वस्तीजवळून जाताना टॉवरला ३, ६ किंवा ९ मीटरची वाढीव उंची लावता येते, मग तार उंच राहते. जागा फार तोकडी असेल तर जाळीच्या टॉवरऐवजी एकखांबी मनोरा मागता येतो, त्याच्या बुडाला दोन-तीन मीटरच जागा लागते. तो महाग असतो, म्हणून सगळीकडे मागू नका. विहिरीजवळ, घराजवळ, दहा गुंठ्यांच्या मालकाकडे मागा.

जमिनीखालून केबल हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. तो विचारा, पण समजून विचारा. पालघरच्या कुडूसपासून मुंबईच्या आरेपर्यंतच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनचा मोठा भाग जमिनीखालून आहे, आणि तमिळनाडूतल्या पुगलूरहून केरळातल्या त्रिशूरला जाणाऱ्या लाइनचाही काही भाग. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. पण त्या दोन्ही डीसी लाइनी आहेत. नेहमीच्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या) लाइनमध्ये केबल स्वतःच विजेचा भार खाते, त्यामुळे लांब अंतर जमत नाही आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. शिवाय केबलच्या चरावरही खोल मुळांचं झाड लावता येत नाही. म्हणून "सगळी लाइन भूमिगत करा" या मागणीपेक्षा "गावठाण आणि शाळेजवळचा एवढा टप्पा भूमिगत करा, नाहीतर का जमत नाही ते लेखी द्या" ही मागणी जास्त टिकते.

आरोग्याबद्दल एक सल्ला. कर्करोगाच्या भीतीवर आंदोलन उभं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला "शक्यता आहे" अशा गटात टाकलं, सिद्ध म्हणून नाही. सभेत एखादा अभियंता हे दाखवून देतो आणि तुमच्या बाकीच्या पक्क्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडवतो. अंतर, उंची, झाडं, विहिरी आणि जमिनीची किंमत हे मुद्दे कुणी खोडू शकत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांपुढे

कंपनीने कलम १६(१) चा अर्ज केला की सुनावणीची नोटीस येते. ती वैयक्तिक असते, त्यामुळे ज्यांना आली त्यांनी लगेच समितीला दाखवावी. सुनावणीला घोषणा नकोत, कागद न्या: ठराव, नकाशा, पर्यायी मार्ग, गटनिहाय नुकसानीचा तक्ता, आधी दिलेल्या अर्जांच्या पोच. प्रत्येक अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं. "कमीत कमी नुकसान" हे कायद्यातले शब्द वापरा आणि सांगा की अमुक पर्यायात एवढी घरं आणि एवढी झाडं वाचतात.

आदेश निघण्याआधी पोलीस घेऊन कुणी आलं तर शांतपणे आदेशाची प्रत मागा आणि हे चित्रित करा. आदेश निघाल्यावर मात्र अडवणूक हा गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली. आणि सरकारी कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लागला की कलम १३२ लावलं जातं, त्याची जखम पोरांच्या नोकरीच्या अर्जापर्यंत जाते. धरणं द्यायचं ते टॉवरच्या जागेपासून दूर, परवानगी घेऊन, आणि तरुणांना जेसीबीच्या पुढे उभं करू नका.

पंचनामा आणि पैसे

केंद्र सरकारने १४ जून २०२४ च्या सूचनांत टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांच्या पट्ट्यासाठी ३० टक्के सांगितले. २०१५ च्या सूचनांत हेच ८५ आणि जास्तीत जास्त १५ होते. मार्च २०२५ च्या पुरवणीत ग्रामीण भागातल्या पट्ट्याला ३०, नगरपालिका हद्दीत ४५ आणि महानगरपालिका हद्दीत ६० टक्के आले. या सूचना राज्याने स्वीकारायच्या असतात, आणि महाराष्ट्राचे स्वतःचे शासन निर्णय आहेत. त्यामुळे प्रांताला लेखी विचारा: आमच्या प्रकल्पाला नेमका कोणत्या तारखेचा शासन निर्णय लावला आहे? याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय दराची चर्चा सुरू करू नका.

आता हिशेब. समजा जमिनीचा दर हेक्टरी २० लाख, म्हणजे चौरस मीटरला २०० रुपये. ४०० केव्हीचा टॉवर, चार पायांत १२ मीटर बाय १२ मीटर. २०२४ च्या सूचनेप्रमाणे प्रत्येक बाजूला एक मीटर वाढवून १४ बाय १४, म्हणजे १९६ चौरस मीटर, जेमतेम दोन गुंठे. २०० टक्क्यांनी ७८,४०० रुपये. त्याच शेतावरून तारा २५० मीटर जातात. ४६ गुणिले २५० म्हणजे ११,५०० चौरस मीटर, पावणेतीन एकरांहून जास्त. टॉवरची जागा वजा करून ३० टक्क्यांनी ६,७८,२४० रुपये. टॉवरपेक्षा जवळजवळ नऊपट. पट्ट्याची मोजणी न करता "टॉवरचे पैसे घ्या आणि सही करा" म्हणणाऱ्याला थांबवायचं का, ते यावरून कळेल. तार तिरकी जात असेल तर लांबी बांधाच्या नाही, तारेच्या रेषेवर मोजायची.

मूळ दर हा त्याहून मोठा प्रश्न. रेडी रेकनरचा दर ही सुरुवात आहे. गावातली आणि शेजारच्या गावांतली मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर किंवा दुय्यम निबंधकांकडे शोधा आणि जास्त दराची खतं जोडा. रस्त्यालगतची, बागायती, गावठाणाजवळची जमीन वेगळी दाखवा. केरळ वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमीन कुठे आहे, तार कडेने जाते की मधोमध, अंतर किती, हे सगळं भरपाईत धरायला सांगितलं आहे. शेताचे दोन निरुपयोगी तुकडे होत असतील तर नकाशावर ते रंगवून जोडा.

पंचनाम्याच्या दिवशी घरात थांबू नका, शेतावर थांबा. "आंबा – ४ नग" असं लिहिलं की चार रोपं आणि चार तीस वर्षांचे हापूस एकाच भावात जातात. प्रत्येक झाडाची जात, वय, छातीच्या उंचीवर टेपने मोजलेला बुंध्याचा घेर आणि साधारण उत्पन्न लिहून घ्या, झाडावर चुन्याने नंबर टाका आणि नंबरासकट फोटो घ्या. फळझाडांचं मूल्यांकन साधारणपणे कृषी विभाग करतो, लाकडाचं वन विभाग, विहीर व बांधकामाचं सार्वजनिक बांधकाम विभाग. तिघांचे दाखले आलेत का पाहा. सातबाऱ्यावर झाडांची नोंदच नसेल तर मोठा वाद होतो, म्हणून खुंटी दिसली त्याच हंगामात ई-पीक पाहणीत झाडं, बांधावरचीसुद्धा, नोंदवा. पंचनाम्याची प्रत जागेवर मागा. न पटणारा मजकूर असेल तर सहीच्या वर "हरकतीसह" लिहा.

पिकाची नुकसानी एकदा नाही, तीनदा होते: पाया खोदताना, टॉवर उभारताना, आणि तारा ओढताना. तिन्ही वेळा वेगळा पंचनामा आणि वेगळे पैसे. गाड्यांनी तुडवलेली वाट, फुटलेली ठिबकची नळी, बुजलेला चर यांचाही त्यात समावेश हवा, मग ते शेत लाइनच्या पट्ट्याबाहेरचं असलं तरी. पीक वाटेकऱ्याचं असेल तर त्याचं नाव पंचनाम्यात घाला.

काम चालू असताना

खड्डा खोदताना वरची काळी माती वेगळी ढीग करायला सांगा. तसं न केल्यास भरताना खालचा मुरूम वर येतो आणि ती जागा पुढे नीट पिकत नाही. उरलेलं काँक्रीट, खडी, तारेचे तुकडे उचलल्याशिवाय कामपूर्तीच्या कागदावर सही नको. तुटलेला तारेचा तुकडा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये आणि गुरांच्या पायात जातो.

लाइन चालू व्हायच्या आधी पट्ट्याखालच्या आणि लाइनला समांतर जाणाऱ्या सगळ्या लोखंडी वस्तू बघा: काटेरी तारेचं कुंपण, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, शेडनेटचा सांगाडा, पत्र्याचं छप्पर. तारेला स्पर्श नसतानाही त्यांच्यात वीज उतरते आणि ओल्या हाताला झटका बसतो. त्यांचं अर्थिंग करून देणं हे कंपनीचं काम आहे, ते लाइन सुरू होण्याआधी लेखी मागा. कुंपण लांब असेल तर एकच अर्थिंग पुरत नाही, ठरावीक अंतरांवर हवं.

मोबदला घेताना पावतीवर "हरकतीसह, वाढीव भरपाईचा हक्क राखून" असं लिहा. पुढे जिल्हा न्यायाधीशांकडे कलम १६(३) चा अर्ज करायचा असेल तर मुदत तीन वर्षांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच या अर्जांना मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७ लावला आहे. तीन वर्षं खूप वाटतात आणि निघून जातात. म्हणून नोंदवहीत प्रत्येक गटाच्या पानावर झाडं तोडल्याची, पाया खोदल्याची आणि तारा ओढल्याची तारीख लाल शाईने लिहा, आणि तिच्याखाली तीन वर्षांनंतरची तारीखही.